बाकावरचे नऊ लाख

३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवारची रात्र. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, पण मी वर्क फ्रॉम होम घेऊन कोल्हारलाच थांबलो होतो. तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, घरी टीव्हीसमोर दहा-बारा माणसं बसलेली. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची अंतिम लढत, दबंग दिल्ली विरुद्ध पुणेरी पलटण. आमच्याकडे पलटणवर जीव आहे तो काही फक्त पुण्यामुळे नाही. पलटणचा असलम इनामदार आमच्याच जिल्ह्याचा, शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. तेव्हा सामना घरचाच होता. पलटण ३१-२८ अशी हरली.

मध्येच कधीतरी कॅमेरा पलटणच्या राखीव खेळाडूंवरून फिरला. तात्या म्हणाले, "यांचं बरंय बघा. नुसतं बसून राहायचं, टाळ्या वाजवायच्या अन् नऊ लाख घरी न्यायचे. इथं वर्षभर उसाला पाणी देऊन आमचा हिशेब लागंना."

सगळे हसले. मीही हसलो. दाराशी बसलेला माझा चुलतभाऊ, तात्यांचा धाकटा, तेवढा हसला नाही. "लाइट आली असंल, मोटार चालू करून येतो," म्हणाला आणि उठून गेला. तो २२ वर्षांचा आहे. डावा कोपरा खेळतो. त्याच्या संघात डाव्या कोपऱ्यावर त्याच्याहून सरस एक मुलगा आहे, त्यामुळे हा बहुतेक वेळा बाकावर असतो.

हा लेख तात्यांच्या त्या वाक्याला उत्तर म्हणून आहे. वाक्य एकट्या तात्यांचं नाही. लिलाव झाला की तुमच्या माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच फिरतं: अमक्याला इतके लाख दिले, हंगामात पकडी किती? सात. म्हणजे एक पकड केवढ्याला पडली बघा! भागाकार करायचा, हसणारा इमोजी टाकायचा, विषय संपला.

माझं म्हणणं असं की तो भागाकारच चुकीचा आहे. राखीव पकडपटूला जास्त पैसे मिळत नाहीत. आपण त्याला चुकीच्या मापाने मोजतो, आणि त्याच मापावर उभा असलेला एका हंगामाचा करार सगळी जोखीम त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकतो.

आधी आकडे पाहू. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०१८ मध्ये फझल अत्राचली एक कोटीला गेला. तो डावा कोपरा, म्हणजे पकडपटू. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. त्याच लिलावात पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तोही डावा कोपरा.

त्या वर्षी संघाची खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा ५ कोटी होती. खेळाडू किमान १८, जास्तीत जास्त २५. लिलावात अ, ब, क, ड असे गट आणि त्यांच्या मूळ किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख. तात्यांचे नऊ लाख ते हेच, 'ड' गटाची मूळ किंमत. ५ कोटींमधले ९ लाख म्हणजे १.८ टक्के. न्यू यंग प्लेयर म्हणून आलेल्या पोरांचे करार आणखी वेगळे. बाकावरचा प्रत्येक जण नऊ लाखांचा नसतो, आणि प्रत्येकाला बाकही मिळत नाही. मॅटवर ७, राखीव ५. बाकीच्यांनी सामना प्रेक्षकांसारखा बघायचा.

आता ग्रुपवरचा भागाकार आपण शादलूवर करून बघू. दहाव्या हंगामात त्याने २४ सामन्यांत पकडीचे ९९ गुण मिळवले आणि तो हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. २ कोटी ३५ लाख भागिले ९९, म्हणजे एका गुणाला साधारण २ लाख ३७ हजार. समजा, कुठल्यातरी संघाच्या ९ लाखांच्या राखीव कोपऱ्याने हंगामात फक्त सात गुण मिळवले. त्याचा एक गुण पडला १ लाख २९ हजारांना. तुमच्याच हिशेबाने बाकावरचा पोरगा जवळपास निम्म्या भावात मिळाला! यावरून तो शादलूपेक्षा सरस ठरतो का? अर्थातच नाही. मग याच भागाकाराने तो फुकट्या कसा ठरतो?

भागाकार फसतो, कारण वरचा आकडा खरा असला तरी खालचा अपुरा आहे. कबड्डी खेळलेल्या कुणालाही विचारा, कोपऱ्याचं काम काय. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो तेव्हा कोपरा घोट्यावर झेप घेणार, ही भीती तिथे उभी असली पाहिजे. ती असली की चढाईपटू पाय आखडता घेतो, निदान रेषा ओलांडतो, दोन हूल देतो आणि परत जातो. चढाई रिकामी. गुणफलकावर काही हलत नाही, कोपऱ्याच्या नावावरही काही नाही. पण अशा सलग दोन रिकाम्या चढायांनंतर त्या संघाची तिसरी चढाई निर्णायक होते. तिच्यात गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद आणि बचाव करणाऱ्या संघाला गुण. म्हणजे आधीच्या दोन रिकाम्या चढायांनी तो गुण अर्धा शिजवून ठेवलेला असतो. ताटात पडतो तो शेवटच्या पकडपटूच्या, आणि आपण तेवढंच मोजतो.

उलटही होतं. ढोबळ हिशेब करा. पकड जमली तर आपल्याला एक गुण आणि समोरचा चढाईपटू बाहेर. फसली तर समोरच्याला किमान एक गुण आणि आपला माणूस बाहेर. हात न लावता चढाईपटूला परत पाठवलं तर दोन्हीकडे शून्य. म्हणजे निम्म्यापेक्षा कमी पकडी जमवणारा पण उठसूट झेपा घेणारा कोपरा हंगामाच्या शेवटी वीस गुण दाखवेल आणि संघाला तोट्यात टाकेल. शांत उभा राहून सहा गुण मिळवणारा फायद्यात ठेवेल. ग्रुपवर पहिल्याची वाहवा होणार आणि दुसऱ्याचा मीम.

दुसरी अडचण माझ्या धंद्यातली आहे. मी दिवसभर डेटात असतो, त्यामुळे ही जास्त खुपते. राखीव कोपरा हंगामात पकडीचे प्रयत्न करणार किती? समजा १२. समजा तो खरोखर ५० टक्क्यांचा माणूस आहे, म्हणजे दीर्घकाळ खेळला तर दोनातली एक पकड जमवणारा. अशा माणसाच्या १२ प्रयत्नांत ४ किंवा त्याहून कमी पकडी जमण्याची शक्यता १९ टक्के निघते. ८ किंवा जास्त जमण्याची शक्यताही तेवढीच, १९ टक्के. नाणं बारा वेळा उडवण्याचा हा हिशेब अकरावीच्या पुस्तकातल्या गणिताने होतो. म्हणजे तोच माणूस, तेच कौशल्य, आणि दर पाच हंगामांतल्या साधारण दोन हंगामांत तो एकतर 'फ्लॉप' दिसणार किंवा 'शोध'. त्यावरून त्याचं पुढचं वर्ष ठरवणं म्हणजे बारा वेळा नाणं उडवून पोराच्या पोटापाण्याचा निर्णय घेणं.

बरं, हे १२ प्रयत्नही कुठल्या परिस्थितीतले? राखीव कोपऱ्याला प्रशिक्षक कधी पाठवतो? मुख्य माणूस दुखावला, किंवा त्याची लय गेली, किंवा सामना हातातून निसटायला लागला तेव्हा. अंग थंड, समोर चढाईपटू तापलेला. साखळीत शेजारी उभा असलेल्या मध्यरक्षकाबरोबर खेळायची सवय नाही. कबड्डीतला बचाव हा दोघा-तिघांचा मेळ असतो. कोपऱ्याने घोटा धरला आणि शेजाऱ्याने अर्धा सेकंद उशीर केला तर तीच पकड फसलेली म्हणून कोपऱ्याच्या खात्यात जाते. मुख्य खेळाडूचा आकडा आणि राखीव खेळाडूचा आकडा शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे बागायती आणि जिरायती जमिनीचा एकरी उतारा ताडून शेतकऱ्याला आळशी ठरवणं. ही उपमा तात्यांसाठी मुद्दाम दिली आहे.

एवढं करून संघाला राखीव माणूस लागतो कशाला? २०२२ च्या डिसेंबरात पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचली तेव्हा असलम इनामदार आणि मोहित गोयत दोघेही दुखापतीमुळे अंतिम सामन्यात नव्हते. जयपूरने तो ३३-२९ ने जिंकला. त्याआधी उपांत्य सामन्यात पंकज मोहितेने चढायांची जबाबदारी उचलली म्हणून तर पलटण तिथवर गेली. साखळीत तेव्हा प्रत्येक संघाचे २२ सामने असायचे. इतक्या सामन्यांत सात जणांची हाडं शाबूत राहतील असं गृहीत धरणारा संघचालक मला दाखवा. राखीव खेळाडू हा संघाचा विमा आहे. वर्षभर अपघात झाला नाही म्हणून हप्ता वाया गेला, असं तुम्ही मोटरसायकलच्या विम्याबद्दल म्हणता का? म्हणत असाल तर वेगळा विषय.

शिवाय रोजच्या सरावात मुख्य चढाईपटूंनी चढायच्या कुणावर? समोर हीच राखीव पोरं उभी असतात. टीव्हीवर दिसणारी प्रत्येक चढाई आधी यांच्या अंगावर शेकडो वेळा झालेली असते.

ही फक्त आपल्याकडची रड नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या फळीत धिप्पाड गडी असतात. त्यांचं काम दमवणारं, म्हणून त्यांना आलटून पालटून खेळवतात आणि राखीव माणसालाही बऱ्यापैकी मैदान मिळतं. तिथेही पूर्वापार मोजमाप एकच, समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडूसकट किती वेळा आडवा पाडला. पण त्या लोकांनी मोजणं पुढे नेलं. हा गडी किती डाव मैदानावर होता, किती वेळा त्याने क्वार्टरबॅकला नुसतं घाईत टाकलं, किती वेळा दोन-दोन माणसं स्वतःवर ओढून घेतली, हे आता मोजतात. करारावरच्या वादात हे आकडे दोन्ही बाजू वापरतात. करारातली काही रक्कम हमीची असते, खेळाडूला काढलं तरी ती द्यावी लागते. तिथेही शेवटच्या फळीतल्या राखीव गड्याला हमी फारशी नसते आणि त्यावर भांडणं होतात. पण भांडायला हातात आकडे तरी असतात. आपल्या राखीव कोपऱ्याच्या हातात काय असतं? 'पकडीचे गुण: ७.'

आता कराराकडे येऊ. लिलावातली बोली बहुतेक वेळा एका हंगामाची. पुढच्या वर्षी संघाने राखलं तर ठीक, नाहीतर पुन्हा टेबलावर. याची धग बड्या खेळाडूलाही लागते. फझल अत्राचली २०२३ मध्ये गुजरातकडे १ कोटी ६० लाखांना गेला. पुढच्याच लिलावात बंगालने त्याला ५० लाखांत घेतलं. वर्षभरात किंमत तिसऱ्या हिश्श्यावर आली. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, आम्ही तात्यांच्या घरी पाहत होतो त्या सामन्यात, तो दिल्लीच्या विजेत्या संघात होता. तेव्हा बाजार सगळं बरोबर ठरवतो म्हणणाऱ्यांनी सांगावं, या माणसाची खरी किंमत कुठली?

फझल हे सहन करू शकतो. त्याच्या मागे नाव आहे, आधीच्या करारांचे पैसे आहेत. 'ड' गटातल्या मुलासाठी १ कोटी ६० लाखांवरून ५० लाख असं काही नसतं. त्याच्यासाठी नऊ लाख किंवा 'अनसोल्ड' एवढंच असतं. हंगाम फार तर तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने खुराक, फिजिओ, गुडघ्याचा एमआरआय, गावोगावच्या स्पर्धांचा प्रवास, सगळं त्याच नऊ लाखांत. रेल्वेत, पोलिसात, बँकेत खेळाडू म्हणून नोकरी असेल तर निभावतं. नसेल तर एक गुडघा गेला की सगळं गेलं. घोट्यावर झेप घेणाऱ्या कोपऱ्याचं डोकं आणि खांदा नेमके चढाईपटूच्या गुडघ्याच्या वाटेत असतात, हेही लक्षात ठेवा.

आता माझ्या विरोधातले मुद्दे. पहिला म्हणजे, शादलू गेला आणि पलटण पडली. खरं आहे, अकराव्या हंगामात पलटण बाद फेरीतही पोचली नाही आणि शादलू हरियाणाकडून विजेता झाला. पण त्याच हंगामात असलमही जखमी होऊन बाहेर होता. आणि बाराव्या हंगामात दोन कोटींचा एकही पकडपटू नसताना, गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन यांच्या बचावावर पलटण अंतिम फेरीत गेली. असलम स्वतः आठव्या हंगामात न्यू यंग प्लेयर म्हणून आला होता. तारे लागतात, मी नाही म्हणत नाही. पण तारे खालूनच येतात, आणि खाली टिकून राहण्याची सोय नसेल तर ते वर येणार नाहीत.

दुसरा मुद्दा, काही राखीव खेळाडू खरोखरच सुमार असतात. असतात ना! मी सगळ्यांना हार घाला म्हणत नाही. मी म्हणतो, सुमार कोण हे ठरवायला नीट मोजा. तो मॅटवर असताना समोरच्यांच्या किती चढाया झाल्या, त्यातल्या किती रिकाम्या गेल्या, किती गुण गेले, आणि तो नसताना हेच आकडे काय होते. सामन्यांचं चित्रण पडलेलंच आहे. दोन इंटर्न बसवले तर एका हंगामाचा हा तक्ता तयार होईल. मोजल्यावर सुमार निघाला तर काढा.

तिसरा मुद्दा तात्यांचा, शेतकऱ्याला कोण हमी देतो? तात्या, कुणीच देत नाही, आणि ते चूकच आहे. आपल्यावर होणारा अन्याय दुसऱ्यावर झाला म्हणजे न्याय झाला, असं होत नाही.

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगतो. कॉलेजमधून निघाल्यावर पुण्यात पहिली नोकरी लागली. नाव घेत नाही. तिथे चार महिने मी 'बेंच'वर होतो. आयटीतल्या लोकांना हा शब्द समजावून सांगायला नको. त्या चार महिन्यांत मी दुसऱ्या टीमच्या टेस्ट लिहिल्या, रात्रीच्या रिलीजला जागलो, नव्या पोरांना सेटअप करून दिला. रिव्ह्यूच्या फॉर्मवर एकच ओळ होती: बिलेबल तास, शून्य. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो फॉर्म वाचत होता, आणि फॉर्ममध्ये दुसरा रकानाच नव्हता.

म्हणून गेल्या हिवाळ्यात भाऊ जवळच्या एका गावच्या स्पर्धेत खेळायला गेला तेव्हा मी मोबाइल घेऊन गेलो आणि पूर्ण सामना शूट केला. उत्तरार्धात त्याला शेवटची बारा मिनिटं मिळाली. घरी येऊन मी एक्सेल उघडलं. तो येण्याआधीच्या ११ चढायांत समोरच्यांनी ७ वेळा गुण घेतले होते. तो आल्यानंतरच्या ११ चढायांत ३ वेळा. ७ चढाया रिकाम्या गेल्या. एका निर्णायक चढाईत चढाईपटू त्याच्याकडे न जाता उजव्या बाजूला वळला आणि तिकडच्या पोराने त्याला धरला. आयोजकांच्या गुणपत्रिकेवर भावाच्या नावापुढे शून्य.

११ चढाया फार थोड्या आहेत, वर बारा नाण्यांचं मीच सांगितलंय. त्यावरून भाऊ प्रो कबड्डीत खेळेल असं मी म्हणणार नाही. पण त्यावरून तो कुचकामी आहे असंही कुणाला म्हणता येणार नाही, आणि घरात गेले सहा महिने तेच चाललं आहे. खेळ सोड, पोलिस भरतीचं बघ. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवरची प्रमाणपत्रं लागतात, आणि तिथवर जायला खेळत राहावं लागतं. खेळत राहायला घरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं.

मी लॅपटॉप तात्यांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, सगळा तक्ता नीट पाहिला. "म्हणजे हा उभा व्हता म्हणून तो गडी तिकडं गेला?"

"हो तात्या."

"मग पॉइंट त्या दुसऱ्या पोराला का?"

"नियमच तसाय. पकडंल त्याचा."

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे भरतीच्या सायबाला दाखवून चालंल का?"

चालणार नाही. त्याला गुणपत्रिका लागते, आणि गुणपत्रिकेवर शून्य आहे. लीगवाल्यांकडे पैसा आहे, कॅमेरे आहेत, माणसं आहेत. त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. मॅटवरची मिनिटं आणि रिकाम्या चढाया प्रत्येक पकडपटूच्या नावावर छापाव्यात. आणि सगळ्यात खालच्या गटातल्या खेळाडूला एकाऐवजी दोन हंगामांची हमी द्यावी, दुखापतीच्या उपचारासकट. ५ कोटींच्या मर्यादेत हे बसतं. लीगने मोजायला सुरुवात केली की जिल्ह्याच्या स्पर्धा मोजतील, तालुक्याच्या मोजतील, आणि कधीतरी आमच्याकडच्या गुणपत्रिकेवरही एक रकाना वाढेल.

तोवर तुम्ही एवढं करा. पुढच्या लिलावात कुणाला नऊ लाखांना घेतलं की ग्रुपवर भागाकार टाकण्याआधी त्याचा एक सामना बघा. चेंगराचेंगरी चाललेली असते तिकडे बघू नका. डाव्या कोपऱ्यात तो कुठे उभा आहे, आणि चढाईपटू तिकडे जायचं का टाळतोय, ते बघा.